तो हात कुणी तोडला?

मागे एका वाचनगटात श्रीलंकेतल्या यादवीवरच्या कादंबरीची ओळख करून देताना वक्ते म्हणाले, ‘लेखक कुणाचीच बाजू घेत नाही, तो फक्त माणसाचं दुःख सांगतो.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र ते वाक्य टोचत राहिलं. दुःख सांगायचं तर दोष सांगायचा नाही, हे कधी ठरलं?

थोडा दोष आपल्या शब्दाचाही आहे. प्रभासक्षेत्री मद्य पिऊन बेभान झालेले यादव एरका गवताची मुसळं करून एकमेकांवर तुटून पडले, त्यावरून ‘यादवी’. सगळेच प्यायलेले, सगळेच मारणारे, शिवाय शाप आधीच झालेला. मग विचारायचं कुणाला? आज पक्षातल्या भांडणालाही आपण यादवी म्हणतो.

पण तो शाप आला कुठून? यादवांचा हा संहार ज्यात येतो, त्या मौसलपर्वाच्या आधी महाभारतात स्त्रीपर्व आहे. व्यासांनी दिलेल्या दिव्यदृष्टीने गांधारी कुरुक्षेत्र पाहते आणि एकेक प्रेत कृष्णाला दाखवते. कौरवांकडून लढलेल्या भूरिश्रव्याची बायको त्याचा तुटलेला हात मांडीवर घेऊन बसली आहे. ती त्या हाताच्या आठवणी काढते आणि त्याच विलापात आठवण करून देते, की नवरा दुसऱ्याशी लढण्यात गुंतलेला असताना हा हात अर्जुनाने तोडला. सज्जनांच्या सभेत या कृत्याबद्दल काय सांगशील, असं ती कृष्णाला विचारते. हात कुरवाळणं आणि जाब विचारणं तिच्यासाठी वेगळं नाही. गांधारीचंही तसंच; तिचा विलाप कृष्णाला दिलेल्या शापाशी येऊन थांबतो.

विलाप आणि जाब यांची ही गाठ आधुनिक कादंबरीत सुटली. स्टीफन क्रेनची ‘द रेड बॅज ऑफ करेज’ १८९५ची, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर तीस वर्षांनी आलेली. क्रेनचा जन्मच १८७१चा. घाबरलेल्या एका पोराचं मन त्याने अप्रतिम उभं केलं, पण युद्ध गुलामगिरीवरून पेटलं होतं हे त्यातून कळत नाही. तिथून ‘युद्धाचं दुःख’ ही सुटी गोष्ट झाली, कुठल्याही युद्धाला लावता येईल अशी.

या सुट्या दुःखाच्या चष्म्यातून वाचताना सगळे चुकतात ते श्रीलंकेवरच्या कादंबऱ्यांपाशी. मायकल ओंडाचीच्या ‘अनिल्स घोस्ट’वर (२०००) राजकारण टाळल्याचा आरोप झाला. त्या कादंबरीत एका सांगाड्याची ओळख पटवायची धडपड आहे. तो सांगाडा सापडतो सरकारी ताब्यातल्या, बाहेरच्या कुणाला पाय ठेवता येणार नाही अशा जागी. हाडं कुठे पुरली होती, एवढ्यावरूनच बोट कुणाकडे जातं ते कळतं.

अनुक अरुदप्रगासमच्या ‘द स्टोरी ऑफ अ ब्रीफ मॅरेज’ची (२०१६) तर तटस्थ म्हणूनच वाहवा होते. ती सुरू होते सहा वर्षांच्या एका मुलापासून. एक पाय आधीच गेलेला, आता उजवा हात कापायचा आहे, आणि दिनेश नावाचा तरुण त्याला उचलून तात्पुरत्या दवाखान्यात नेतो आहे. भूल द्यायला काही नाही. पुढे त्याच दिनेशशी एक बाप आपल्या मुलीचं, गंगाचं, घाईघाईने लग्न लावून देतो. लग्न झालेलं असलं तर ‘चळवळ’, म्हणजे तमिळ बंडखोर, पोरांना जबरदस्तीने भरती करणार नाही, सैन्य आलं तरी मुलगी कदाचित वाचेल, ही त्याची आशा. लग्नानंतर दिनेश विहिरीवर बसून कित्येक दिवसांनी अंग घासतो, आणि त्या आंघोळीला लेखक पानंच्या पानं देतो.

लोकांना ही पानं राजकारणापासून काढलेली पळवाट वाटतात. मला त्यांत भूरिश्रव्याची बायको दिसते. माणसांनी खचाखच भरलेल्या छावणीवर तोफगोळे कुणाचे पडताहेत, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, तसंच पोरं पळवणारे कोण तेही. लेखकाने या दोन अपराधांना तराजूत घालून सारखं केलेलं नाही. दोन्ही एकाच शरीरावर कसे येऊन आदळतात ते दाखवलं आहे. दिनेशची मळ निघालेली, साबणाचा वास असलेली त्वचा आपण इतक्या जवळून पाहिल्यावर गंगा तोफगोळ्याने मरते, तेव्हा ते मरण ‘युद्धात असं होतंच’ म्हणून सोडून देता येत नाही.

श्रीलंकेतल्या या युद्धाच्या शेवटच्या काही महिन्यांत, २००९मध्ये, चाळीस हजारांपर्यंत नागरिक मेले असावेत, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११मध्ये म्हटलं. बहुतेक सरकारी तोफमाऱ्याने, हेही म्हटलं. युद्ध संपताना कित्येकांनी आपली माणसं स्वतः सैन्याच्या हवाली केली होती. ती परतलीच नाहीत. उत्तर श्रीलंकेतल्या किलिनोच्चीत फेब्रुवारी २०१७पासून त्यांच्या आया रस्त्याच्या कडेला फोटो घेऊन बसल्या. वाट पाहतापाहता त्यांतल्या काही वारल्या. मुलाला कुणाच्या ताब्यात दिलं, हे त्यांनी दरवेळी नाव घेऊन सांगितलं आहे.