मनोऱ्यासाठी दोन नाणी



गावच्या चर्चच्या घंटांसाठी आणि मनोऱ्याच्या दुरुस्तीसाठी वर्गणीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. 2019 आणि 2021 साली पंचगंगेच्या महापुरात आपल्या जिल्ह्यातील कितीतरी घरे पडली. मुलांची फी, आजारपण, शेतीचे कर्ज कुणाला चुकले आहे? मग दगडचुन्यावर पैसा का घालायचा? हा प्रश्न अश्रद्धेचा नाही. भुकेल्याला दिलेला घास प्रभू येशूने स्वतःला दिलेला मानला. म्हणून हा प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही.

प्रथम घंटेचे काम पाहू. सकाळ, दुपार, संध्याकाळ ती देवदूताच्या निरोपाची आठवण करून देते, मिस्साला बोलावते आणि कुणी देवाघरी गेले तर गावाला कळवते. शेतात भांगलण करणारी बाई, अंथरुणाला खिळलेले आजोबा, चर्चला येणे सोडलेला तरुण, शेजारची इतर धर्मांची कुटुंबे, सर्वांच्या कानी तिचा आवाज जातो. ज्याला चर्चपर्यंत येता येत नाही, त्याच्यापर्यंत चर्च अशा प्रकारे पोहोचते. म्हणून घंटा ही केवळ शोभेची वस्तू नव्हे.

हयगय झाली तर काय होते ते जुन्या गोव्यात दिसते. तेथील संत ऑगस्टिन चर्चचा मनोरा सुमारे 46 मीटर उंच होता. 1835 मध्ये ते चर्च ओस पडले आणि राखणारे हात उरले नाहीत. 1842 मध्ये छत कोसळले. 1931 मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला. तेथील घंटा मात्र 1871 मध्ये पणजीच्या चर्चमध्ये नेली गेली, म्हणून ती वाचली. नाशिकची प्रसिद्ध नारोशंकराची घंटाही पोर्तुगीज काळातली. 1739 च्या वसईच्या विजयानंतर ज्या घंटा मराठ्यांनी आणून देवळांत बांधल्या, त्यांपैकी ती एक मानली जाते. तेथील लोकांनी जपली म्हणून ती टिकली. घंटा धातूच्या बळावर टिकत नाही, माणसांच्या काळजीने टिकते.

कोल्हापूरकरांना ओतकाम नवे नाही. घंटेच्या काशात साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील असते. हा धातू नाद चांगला देतो, पण ठिसूळ असतो. एकदा तडा गेला की साधे डाग देऊन नाद परत येत नाही. मनोऱ्याचेही तसेच. पावसाचे पाणी भेगेत मुरते, पिंपळ मूळ धरतो, घंटेची तुळई कुजते. भेग लहान असताना बुजवली तर थोडक्यात भागते.

पवित्र शास्त्रात योवाश राजाने मंदिराच्या डागडुजीसाठी वेदीजवळ एक पेटी ठेवविल्याचे आपण वाचतो. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि प्रमुख याजक मिळून पैसे मोजत आणि ते सुतार, गवंडी, पाथरवट यांच्या कामासाठी दिले जात. चांदीची पात्रे घडविण्यासाठी ते वापरले नाहीत. दोघांनी मोजणे आणि ठरल्या कामालाच खर्चणे, हा धडा आजही तितकाच लागू आहे. हिशेब सूचना फलकावर लागला तर देणाऱ्याचा हात आखडत नाही.

पॅरिसचे नोत्र दाम कॅथेड्रल 2019 मध्ये जळाले, तेव्हा जगभरातून लाखो लोकांनी पैसे पाठविले आणि 2024 च्या डिसेंबरात ते पुन्हा उघडले. खेड्यातल्या चर्चसाठी जग धावून येत नाही. त्याला त्याची लेकरेच असतात.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. गरीब विधवेने दोन नाणी टाकली, तिचे प्रभूने कौतुक केले. पण त्याच्या आधीच विधवांची घरे गिळणाऱ्यांना त्याने खडसावले होते, हे आपण विसरतो. दोन नाणी आदराने स्वीकारावीत, ती कधी मागून वसूल करू नयेत. वर्गणीची यादी घेऊन दारी जाणाऱ्याने आधी त्या घरची चूल पाहावी. तेथे अडचण दिसली तर यादी खिशात ठेवावी आणि मदतीचा विचार करावा. ज्याच्याजवळ पैसा नाही, त्याने एक दिवस श्रमदान करावे. तेही जमत नसेल तर प्रार्थना करावी. त्याचे दान कमी ठरत नाही.

असे उभे राहिलेले काम गरिबाच्या वाटचे ठरणार नाही. त्या मनोऱ्यातून घंटा वाजेल, तेव्हा तिचा आवाज ऐकून कुणालाही मान खाली घालावी लागू नये, एवढीच आपण प्रभूजवळ प्रार्थना करू या. आमेन.