जेवायची हाक

हाँगकाँगच्या कँटोनीज घरात जेवायला बसलं की धाकट्यांनी थोरांना एकेक करून नात्याने हाक मारायची: 'लोउये, सिक् फान', 'नाइनाइ, सिक् फान'. सासरेबुवा, जेवा, सासूबाई, जेवा. मगच चॉपस्टिक उचलायच्या. सांगलीला माहेरी पहिल्या घासाआधी देवाचं नाव घेत. इथल्या हाकेला कुणी रीतभात म्हणेल. माझ्या लेखी तो धर्म आहे.

कारण माणूस गेला तरी ती थांबत नाही. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग हा पूर्वजांच्या स्मरणाचा सण येतो. डोंगरउतारावरच्या दफनभूमीत आम्ही सासऱ्यांच्या थडग्याभोवतीचं गवत काढतो, दगडावरच्या अक्षरांत पुन्हा रंग भरतो, भाजलेलं डुकराचं मांस, संत्री, दारूचे इवलेसे पेले मांडतो. सासूबाई ते पेले पुन्हा पुन्हा एका ओळीत लावत राहतात. मग तीन उदबत्त्या हातात धरून वाकायचं आणि तेच म्हणायचं: लोउये, सिक् फान. आपल्याकडे पिंड देताना नाव-गोत्राबरोबर पिता, पितामह, प्रपितामह असं नातं उच्चारतात, त्याच जातीचं हे. पण तिथे मुलगा बोलतो. इथे सून असून मी स्वतः हाक मारते.

राज्यकारभार हाती आला तर आधी काय कराल, असं शिष्याने विचारल्यावर कन्फ्यूशियस म्हणाले, नावं नीट करीन. माया जडेल तेव्हा जडेल, आधी नात्याच्या जागी उभं राहा, असा मी त्याचा अर्थ घेते. लग्नात गुडघे टेकून चहा दिला, तो सासू-सासऱ्यांनी घेतला आणि मी 'सान्पोउ', म्हणजे सून झाले. तेव्हा कुठली आलीय माया? सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात पेज भरवताना मात्र दर चमच्याला 'लोउये' आपसूक तोंडात येई.

एक गोष्ट मला अजिबात मान्य नाही. बायकोची आई ती 'ओइमोउ', आणि 'ओइ' म्हणजे बाहेरचं. मिंग-छिंग काळच्या नियमांत सुनेने सासू-सासऱ्यांचं सुतक तीन वर्षं पाळायचं, स्वतःच्या आईबापांचं एकच वर्ष. जावयाने त्यांचं पाळायचं तीन महिने. घरातल्या पूर्वजांच्या फळीवर माझ्या आईला जागा नाही ती यामुळेच. गेलेल्यांनाही जेवायला बोलावणाऱ्या धर्माने तिला का वगळावं? मी सासूबाईंना सरळ विचारलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुझी आई डुकराचं मांस खायची का गं?"

"नाही," म्हटलं, "वरणभात."