अलातचक्र आणि जुना सीआरओ

महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील प्रत्येक उपकरण ज्या दप्तरात दाखल होते, त्याचे सरकारी नाव ‘जडवस्तू संग्रह नोंदवही’ असे आहे; आणि उपकरण निकामी ठरून त्याचे रीतसर निर्लेखन झाले, लिलाव पुकारला गेला, व ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढले, म्हणजे एरवी केवळ कारकुनी वाटणारा हा ‘जड’ शब्द एकाएकी शास्त्रार्थाच्या योग्यतेला पोहोचतो. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मला गवसलेला ऑसिलोस्कोप, ज्याला प्रयोगशाळेत सारे सीआरओच म्हणतात, याच वाटेने आला होता. पाठीवरचा नोंदवहीचा अनुक्रमांक शाबूत होता. विकणाऱ्याने किंमत मात्र वजनावर सांगितली.

मुळशीकडील माझ्या बिऱ्हाडी तो आणला तेव्हा आषाढ लागला होता. ताम्हिणीच्या बाजूने येणारी ओल कपाटातल्या पुस्तकांनाही सोडीत नाही, आणि चित्रनळीला लागणारा विद्युद्दाब दोन हजार व्होल्टांच्या घरातला असल्याने त्या भागात ओल शिरणे म्हणजे गळतीला आमंत्रण; म्हणून दोन दिवस तो पेटत्या दिव्यासह खोक्यात कोंडून सुकविला. मग दुरुस्ती करणाऱ्यांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे शंभर वॅटचा दिवा मालिकेत जोडून वीज दिली. आत कोठे शॉर्ट असेल तर दिवा लखलखत राहतो आणि यंत्र वाचते. माझा दिवा लखलखतच राहिला. पुढे तीन आठवडे सुकलेले कंडेन्सर बदलणे, दोन ट्रान्झिस्टर बदलणे, काळवंडलेल्या स्विचांचे संपर्क घासणे यांत गेले, आणि एका रात्री पडद्यावर हिरवा ठिपका उगवला.

टाइमबेसची कळ अगदी मंद ठेवली की हा ठिपका दोन सेकंदांत डावीकडून उजवीकडे गोगलगायीसारखा सरकतो. कळ फिरवीत जावे, तसा तो धावू लागतो, त्याला शेपूट फुटते, आणि अखेर ठिपका नाहीसा होऊन त्याच्या जागी एक अखंड, निश्चल रेषा उरते. वस्तुतः त्या क्षणीही पडद्यावर ठिपकाच असतो, रेषा असते ती फॉस्फरच्या रेंगाळणाऱ्या प्रकाशात आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यात. गौडपादाचार्यांनी माण्डूक्यकारिकांच्या चौथ्या प्रकरणाला ‘अलातशान्ति’ हे नाव दिले ते याच चमत्कारावरून: जळते कोलीत फिरविले की वर्तुळ दिसते, पण ते वर्तुळ कोलितातून बाहेर पडलेले नसते, आणि कोलीत थांबले म्हणून ते त्यात परतही जात नाही. त्यांना कोलिताचा दृष्टान्त पुरला. मला त्यासाठी भंगार विकत घ्यावे लागले.

परंतु कोलितात नसलेली एक गोष्ट सीआरओमध्ये असते, आणि माझ्या मते तत्त्वचिंतकाने खरे थांबावे ते तेथे. प्रोबच्या टोकाला बोट लावले की घरातल्या विजेचा 50 हर्ट्झचा तरंग आपल्या देहातून पडद्यावर उमटतो, आणि दर वीस सहस्रांश सेकंदाला जुना तरंग मरून नवा येत असूनही चित्र जागचे हलत नाही. हे काम ट्रिगरचे. 1947 साली अमेरिकेतील टेक्ट्रॉनिक्सने आपल्या 511 या यंत्रात ही सोय बाजारात आणली. येणारा दाब ठरावीक पातळीला, ठरावीक दिशेने पोहोचेपर्यंत ट्रिगर ठिपक्याला अडवून धरतो व मगच सोडतो. त्यामुळे प्रत्येक नवा तरंग आधीच्या तरंगाच्या पावलावर पाऊल टाकतो आणि आपण म्हणतो, ‘हा तोच.’ पातळीची कळ जरा ढळली, की तोच तरंग पळत सुटतो.

मीमांसक म्हणत, ‘हे तेच’ अशी प्रत्यभिज्ञा होते त्या अर्थी वस्तू टिकून असली पाहिजे. बौद्ध क्षणिकवादी उत्तर देत की कापून पुन्हा वाढलेल्या केसांना आणि दिव्याच्या ज्योतीलाही आपण तेच म्हणतो, ते निव्वळ सादृश्यामुळे. मुळा नदीचेच पाहा. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली 1921 साली मुळशीकरांनी सत्याग्रह मांडला, त्या धरणातले पाणी सह्याद्री ओलांडून कोकणात भिऱ्याला वीज करते. तरी पुण्यात पोहोचणाऱ्या प्रवाहाला कोणी दुसरे नाव दिलेले नाही. सादृश्याने एवढे साधत नाही, हे मला ट्रिगरने शिकविले: कोणीतरी पातळी धरून बसावे लागते. शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात क्षणिकवाद्यांना एवढी सवलत देतात की बाह्य वस्तूविषयी ‘ही तीच की तिच्यासारखी’ हा संशय एखाद्या वेळी संभवेल. जाणणाऱ्याला स्वतःविषयी मात्र तो कधीच येत नाही. मी हा युक्तिवाद आदराने वाचतो, आणि सकाळी जाग येताना कोणत्या पातळीला माझा ‘मी’ सुटतो, याचा शोध घेऊ लागतो.

गौडपादांची निश्चलता शांतीची आहे. सीआरओची तशी नव्हे. ठिपका एके जागी थांबला आणि त्याचे तेज कमी केले नाही, तर तो फॉस्फर जाळतो, अशी ताकीद प्रयोगशाळेत पहिल्याच तासाला मिळते. ती विसरलेल्या कोणा विद्यार्थ्याने माझ्या पडद्याच्या मध्यभागी बाजरीच्या दाण्याएवढा करडा डाग ठेविला आहे. आतले कंडेन्सर बदलले, तारा बदलल्या, तरी चित्रनळी बदलण्याचा विचार मी सोडून दिला; कोणताही तरंग त्या डागावरून जाताना किंचित मंदावतो, आणि मी न चुकता तेथेच पाहतो.