‘जर’ वाचायला शिकताना

एम.ए.च्या पहिल्या सत्रात आम्हाला लावलेलं पुस्तक हजाराच्या आसपास पानांचं होतं. आंद्रेऊ मास-कोलेल, मायकेल व्हिन्स्टन आणि जेरी ग्रीन यांचं, १९९५ साली निघालेलं. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली. उपयोगिता, समवृत्ती वक्र, मागणीचा नियम सगळं पाठ. या पुस्तकाच्या सुरुवातीला मात्र ना बाजार होता, ना भाव. होता एक संच आणि त्यातल्या पर्यायांमधला ‘निदान तितकाच पसंत’ हा संबंध. हे अर्थशास्त्र नव्हे, गणित आहे, अशी कुरकुर वर्गात सुरू झाली. तिच्यात मीही होते.

माझी कुरकुर थांबली ती एका सिद्धतेपाशी.

माणसाच्या पसंतीला आकडा देता येतो, हे आम्ही बी.ए.ला धरूनच चाललो होतो. इथे कळलं की त्यालाही अट आहे. पसंती सलग असेल, तर तो नक्की देता येतो. वस्तूंच्या मापात किंचित फरक पडल्यावर ती एकदम उलटता कामा नये. ही अट काढली तर काय होतं, ते जेरार देब्रू यांनी १९५४ साली एका छोट्या उदाहरणातून दाखवलं. शब्दकोशात शब्द लावतात तशी पसंती समजा: आधी पहिलं अक्षर, ते सारखं असेल तरच दुसरं. त्या उदाहरणात मी माझी आई घातली. दोन पर्यायांपैकी ज्यात मुलांच्या वाट्याला दूध जास्त, तो तिचा. दूध तंतोतंत सारखं असेल, तरच ती स्वतःच्या चहाकडे बघणार.

आता तिच्या पसंतीला आकडे देऊन बघा. दुधाचं कुठलंही एक माप घ्या. तेवढं दूध आणि एक कप चहा, याला एक आकडा. तेवढंच दूध आणि दोन कप चहा, याला त्याहून मोठा. दोन आकड्यांच्या मध्ये फट राहिली, आणि कुठल्याही फटीत एखादा साधा अपूर्णांक सापडतोच. दूध थेंबभर वाढवलं की नवी फट आधीच्या फटीच्या पूर्ण वर. दोघी एकमेकींना शिवत नाहीत. म्हणजे दुधाच्या प्रत्येक मापाला स्वतःचा वेगळा अपूर्णांक लागणार. पण अपूर्णांक एक, दोन, तीन असे क्रमांक देऊन रांगेत उभे करता येतात. शून्य ते एक लिटर यांमधली सगळी मापं तशी रांगेत मावत नाहीत, हे कँटर यांनी एकोणिसाव्या शतकातच सिद्ध केलं होतं. आईला पुरतील एवढे आकडेच नाहीत!

वही मिटून मी बराच वेळ बसून राहिले. माझी आई खरोखर अशी होती असा माझा दावा नाही. एका थेंबासाठी तिनेही चहा सोडला नसता. पण प्रत्येक गोष्टीची काही तरी किंमत असतेच, हे वाक्य तोवर मी निसर्गनियमासारखं ऐकत आले होते. त्याच्या आत एक ‘जर’ आहे आणि तो नेमका कुठे आहे, हे मला गणिताने दाखवलं.

आपल्याकडे पदवीपर्यंत निष्कर्ष शिकवला जातो आणि अटी ‘गृहीतके’ या मथळ्याखाली पाच गुणांसाठी पाठ करून घेतल्या जातात. मला हे घातक वाटतं. बाजार आपोआप समतोल साधतो, हे वाक्य घ्या. १९५४ सालीच केनेथ ॲरो आणि देब्रू यांनी सिद्ध केलं की सगळ्या बाजारांत मागणी-पुरवठा एकाच वेळी जुळवणारे भाव असू शकतात. पण कुणा एकाला भाव हलवता येत नसेल, उद्याच्या वस्तूंसाठीही आजच बाजार असेल, आणि अशा आणखी कितीतरी अटी पाळल्या जात असतील तर. बाजार त्या भावांपर्यंत पोहोचतो कसा, याबद्दल हे प्रमेय काहीच सांगत नाही. पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सोनेनशाइन, मँटेल आणि पुन्हा देब्रू यांनी दाखवलं की प्रत्येक माणूस शहाण्यासारखा वागला, तरी सगळ्यांची मिळून होणारी मागणी जवळजवळ कुठलाही आकार घेऊ शकते. समतोल एकच असेल किंवा भाव त्याच्याकडेच सरकतील, याची मग हमी उरत नाही. ही मर्यादा सिद्ध करणाऱ्यांत देब्रू स्वतः होते, याचा मला आजही आदर वाटतो.

अशा अटींपैकी एक सुटली तर काय होतं, हे दाखवणारे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ १९६७-६८ मध्ये दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते. जुन्या मोटारींच्या बाजारावरचा त्यांचा लेख तीन नियतकालिकांनी नाकारला, १९७० मध्ये छापून आला आणि २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या लेखात भारतातला सावकार आहे, आणि तांदळाच्याच रंगाचे, आकाराचे, मुद्दाम मिसळलेले खडे निवडत बसलेली भारतीय गृहिणीही आहे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा सुट्टीत घरी होते. आई समोर ताटात तांदूळ निवडत होती. तिला तो भाग मराठीत सांगितला. तिचा हात थांबला.

“गिऱ्हाइकाला वरून फरक कळत नसेल,” ती म्हणाली, “आणि भाव सगळ्यांना सारखाच मिळणार असेल, तर बिनखड्याचा तांदूळ आणील कोण?”

लेखाचा गाभा हाच होता. तिनेही आधी अटी मांडल्या होत्या, निष्कर्ष नंतर.