दाभोलकर असते तं?

मूर्तिजापूरच्या स्टँडवर एसटी थांबली तेव्हा शेजारचे गृहस्थ मांडीवरची शेंगांची टरफलं झटकत म्हणाले, "दाभोलकर गेले म्हनून तं कायदा झाला, भाऊ. असते तं फाइलच फिरत रायली असती."

मी चिडलो. पण तारखा त्यांच्या बाजूने आहेत. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांच्यावर २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात गोळ्या झाडल्या गेल्या आणि २४ ऑगस्टला जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला. त्यांच्या वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्याला जे जमलं नव्हतं, ते चार दिवसांत झालं.

'असते तर' हा खेळ मला मुळातच आवडत नाही. त्यात आपण आपलीच मतं गेलेल्या माणसाच्या तोंडी घालतो. शिवाय हुतात्मा आणि कार्यकर्ता यांत मी फरक करतो. हुतात्म्याला वर्षातून एकदा हार घातला की भागतं. कार्यकर्ता उद्या पुन्हा दारात उभा राहतो.

असे दारात उभे राहणारे आमच्या अमरावतीने पाहिले आहेत. गाडगेबाबांना ऐंशी वर्षांचं आयुष्य मिळालं. कीर्तनात देवभोळेपणाची सालटी काढणाऱ्या या माणसाने त्याच भोळ्या यात्रेकरूंसाठी धर्मशाळाही बांधल्या. तिकडे मार्टिन ल्यूथर किंगही बसमधल्या जागेच्या लढ्यापासून निघून १९६८ साली मेम्फिसला पोचले, ते सफाई कामगारांच्या संपासाठी. तिथेच त्यांचा खून झाला.

मग मला आमच्याच जिल्ह्यातला मेळघाट आठवला. तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की तापल्या विळ्याने पोटावर चटके देतात. त्याला 'डंबा' म्हणतात. आता त्यावर गुन्हे दाखल होतात, आणि व्हायलाच हवेत. पण दाभोलकर स्वतः डॉक्टर. चटके देणाऱ्या भूमकाला, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैदूला, अटक झाल्यावर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता: भूमका पाड्यावर आहे, डॉक्टर किती कोसांवर? अंधश्रद्धेविरुद्धची लढाई रस्त्याच्या, औषधाच्या, रिकाम्या पदांच्या लढाईत उतरली असती.

म्हणजे नको म्हणता म्हणता मीही तोच खेळ खेळलो, माझंच मत त्यांच्या तोंडी घातलं. घातलं तर घातलं. निदान त्यातून त्यांच्या फोटोऐवजी एक राहिलेलं काम तरी समोर आलं.

गृहस्थांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. मरणाने वटहुकूम निघतो. दवाखान्यात डॉक्टर मात्र त्याने येत नाही. त्यासाठी कुणाला तरी रोज जिवंतपणी साहेबांच्या डोक्याला ताप व्हावं लागतं.