सिद्ध झालेली मात, समजलेली मात

'पांढऱ्याने खेळून दोन चालींत मात' असे कूट पटावर मांडले की त्यात एक जबरदस्त दावा असतो : काळ्याने काहीही केले तरी त्याची सुटका नाही. दमछाक होते ती हे 'काहीही' तपासताना. माणूस काळ्याची चार-पाच उत्तरे पाहतो आणि उरलेली 'यात काही दम नाही' म्हणून सोडून देतो. नेमकी त्यांतच सुटका दडलेली असते.

1951 मध्ये मँचेस्टरला डिट्रिश प्रिन्झ यांनी फेरांटी मार्क-1 या संगणकाकडून अशी कूटे सोडवून घेतली. पुरा डाव खेळण्याची त्या यंत्राची कुवत नव्हती. शक्य तेवढ्या साऱ्या चाली करून पाहायच्या, इतकेच त्याला सांगितलेले. एका कूटाला सुमारे पाव तास लागे.

आजचे डाव खेळणारे प्रोग्राम मात्र सारे पाहत बसत नाहीत, निरर्थक वाटणाऱ्या फांद्या ते छाटतात. 'माझी चाल मी सोडून दिली तरी मी वरचढच आहे, मग पुढे कशाला पाहू?' हा त्यातलाच एक हिशेब. पण चाल करावी लागणे हेच जिथे संकट असते, त्या झुगझ्वांगमध्ये हा हिशेब चुकतो, आणि कितीतरी कूटांचा प्राण झुगझ्वांगच असतो. म्हणून कूटकार पोपायसारखा एकही फांदी न छाटणारा प्रोग्राम वापरतात. नामवंतांच्या जुन्या कूटांतही दुसरे उत्तर निघते ते अशा तपासणीतून. हे उपकार मोठे आहेत.

तरी सिद्ध होणे आणि समजणे यांत अंतर राहतेच. मॉस्को विद्यापीठाच्या लोमोनोसोव्ह महासंगणकावर सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींचा निकाल मातेपासून उलट मागे जात काढला गेला. त्यात वजीर आणि प्यादे विरुद्ध हत्ती, उंट व घोडा अशी एक स्थिती आहे : 549 चालींत मात. ती खरी आहे, पण तिच्यातल्या शेकडो चाली अमुक जागी का, हे ग्रँडमास्टरलाही सांगता येत नाही. मला ही मात अजून कोणाची झालेली वाटत नाही.

यंत्र आणखी एक गोष्ट पाहत नाही : मात कशी झाली. आपल्या जुन्या खेळात प्याद्याने केलेली मात अधिक मानाची. 1814 मध्ये मुंबईत तिरुवेंगडाचार्य शास्त्रींचे बुद्धिबळाच्या कूटांचे पुस्तक छापले गेले. त्या परंपरेत मात कशाने दिली यालाही मोल होते. प्रोग्रामला मात झाली की पुरे.

म्हणून मुलांना बुद्धिबळ शिकवणाऱ्यांना एक विनंती. मुलाला यंत्राकडे थेट उत्तर मागू देऊ नका. मुलाने आपली पहिली चाल आधी वहीत लिहावी आणि मग विचारावे, 'माझ्या चालीवर काळ्याचे कोणते उत्तर माझ्या नजरेतून सुटले?' ते एक उत्तर मिळाले की यंत्र बंद करा आणि पुन्हा पट मांडा.