दुष्टाईशीं लढतांना सोबती कोण?

जेऊरच्या स्टेशनावरून आगगाडीनें सोलापुरास जाणाऱ्या तुमच्यापैकीं कित्येकांनीं तेथील भैय्या चौकांतलें डॉ. द्वारकानाथ कोटणीस ह्यांचें स्मारक पाहिलें असेल. हे सद्गृहस्थ १९१० सालीं सोलापुरांत जन्मले, मुंबईस वैद्यकी शिकले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षीं, चीन देशांत मरण पावले. त्यांच्या चरित्रांत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. तो असा कीं, मोठ्या दुष्टाईचा प्रतिकार करावयाचा असतां, ज्यांचीं मतें आपणांस मान्य नाहींत अशांशीं हातमिळवणी करावी कीं काय?

प्रथम, न केलेल्या हातमिळवणीचें फळ पाहूं. जर्मनींत नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकींत हिटलरच्या पक्षास १९६ जागा मिळाल्या. समाजवाद्यांस १२१ व साम्यवाद्यांस १००. हे दोन्ही पक्ष मजुरांचेच. परंतु साम्यवादी लोक समाजवाद्यांस फॅसिस्टांचे भाऊबंद म्हणत, आणि समाजवाद्यांचाही त्यांच्यावर विश्वास नव्हता. ३० जानेवारी १९३३ रोजीं हिटलर अधिकारारूढ झाला, आणि थोड्याच महिन्यांत दोन्ही पक्षांचे पुढारी त्याच छळछावण्यांत जाऊन पडले. ह्याबद्दल आपण ख्रिस्ती लोकांनीं त्यांस नांवें ठेवूं नयेत. कारण तेथील पुष्कळ प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीं हिटलरचें स्वागतच केलें होतें.

हा कटु अनुभव आल्यावर १९३५ सालीं मॉस्को येथें भरलेल्या साम्यवाद्यांच्या जागतिक परिषदेनें आपलें धोरण बदललें. १९३६ सालीं स्पेन व फ्रान्स ह्या देशांत डाव्या व प्रजासत्ताकवादी पक्षांच्या आघाड्या निवडून आल्या. चीनमध्येंही असेंच घडलें. १९२७ सालीं चँग कै-शेक ह्यांच्या पक्षानें साम्यवाद्यांची कत्तल केली होती. तथापि १९३७ सालीं जपाननें स्वारी केली तेव्हां ह्या वैऱ्यांनीं संयुक्त आघाडी केली. पुढल्या वर्षीं, सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असतां, काँग्रेसनें चीनला ५ डॉक्टरांचें पथक पाठविलें. त्यांत कोटणीस होते. पथकाचे प्रमुख डॉ. अटल हे स्पेनमध्यें जखमी लोकांची सेवा करून आलेले होते. कोटणीस साम्यवादी सैन्यांत काम करूं लागले, आणि १९४१ सालीं बेथून ह्यांच्या नांवानें चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. नॉर्मन बेथून हे कॅनडाचे शस्त्रवैद्य. त्यांचे वडील प्रेस्बिटेरियन पाळक होते. ते स्वतः मात्र साम्यवादी. स्पेनमध्यें रक्त पुरविण्याचें काम करून ते चीनला आले आणि शस्त्रक्रिया करतांना बोटास झालेली जखम विषारी होऊन १९३९ सालीं मरण पावले. कोटणीसही १९४२ सालीं साम्यवादी पक्षाचे सभासद झाले.

परंतु ह्या आघाड्यांचे दोष झांकणें सत्यास धरून होणार नाहीं. स्पेनमध्यें प्रजासत्ताकाच्या ताब्यांतील मुलखांत हजारों पाद्री व मठवासी मारले गेले. मे १९३७ मध्यें बार्सेलोना शहरांत आघाडीचेच लोक एकमेकांवर गोळ्या झाडीत होते. मॉस्कोंत स्टॅलिन आपल्याच सोबत्यांस खोट्या खटल्यांत गोवून मारीत असतां, आघाडी मोडेल ह्या भीतीनें पुष्कळ सज्जन गप्प बसले. आणि ऑगस्ट १९३९ मध्यें त्याच स्टॅलिननें हिटलरशीं करार केला! गप्प बसून जपलेली एकी अशी एका दिवसांत मातीस मिळाली.

मग निर्णय काय? गांवांत कडब्याच्या गंजीस आग लागली म्हणजे बांधावरून भांडणारे भाऊबंदही घागरी घेऊन धांवतात. आधीं बांधाचा निवाडा करूं, मग आग विझवूं, असें म्हणणारा मूर्ख होय. परंतु त्या गर्दींत घागर टाकून कोणी शेजाऱ्याचें घर लुटूं लागला, तर त्याचा हात तेथल्या तेथें धरलाच पाहिजे. आग मोठी आहे, एवढ्यावरून चोरी लहान होत नाहीं.

चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतांत तो परका मनुष्य जखमी वाटसरूस उतारशाळेच्या मालकाच्या स्वाधीन करतो. त्या मालकाचा पंथ कोणता, हें प्रभूनें सांगितलें नाहीं. पण किती नाणीं दिलीं आणि परत आल्यावर हिशेब कसा पुरा होईल, हें मात्र सांगितलें. मला वाटतें, आपणांस हवा तो नियम येथेंच आहे. जखमी मनुष्य रस्त्यांत पडला असतां सोबत्याचा पंथ विचारूं नये. परंतु सोबत्याशीं हिशेब चोख ठेवावा. हातमिळवणी करावी, पण जीभ बांधून घेऊं नये.

कोटणीसांचीं सगळीं मतें आपण स्वीकारावीं असें कोणी म्हणत नाहीं. पण सोलापूरचा एक तरुण, ज्यांची भाषाही त्यास येत नव्हती अशा लोकांच्या जखमा बांधावयास गेला, आणि आपण पुष्कळदां शेजारच्या आळींतही जात नाहीं. तर वाचकहो, आपल्या गांवांत एखाद्या दुबळ्यावर जुलूम होत असेल, तर त्याच्या बाजूस आधीं कोण कोण उभे आहेत ह्याची चौकशी करीत उंबऱ्यांत थांबूं नका. जाऊन उभे राहा. आणि पुढें त्या सोबत्यांपैकींच कोणी अन्याय करूं लागला, तर त्यास अडविणारा पहिला शब्द तुमच्याच तोंडून निघूं द्या.